औषध एकाचं, शिधा सगळ्या घराचा

दोन महिन्यांच्या पत्रांचा गठ्ठा सोडला, तर चार पत्रं एकाच धाग्याची निघाली. तेव्हा गुडघेदुखी, केस गळणं, थायरॉइड ही मंडळी पुढच्या अंकात. या वेळी फक्त टीबी, आणि तोही ताटाच्या बाजूने. सातपुड्याच्या पायथ्याशी सत्तावीस वर्षं टीबीच्या रुग्णांची वजनं लिहून घेण्यात गेली, त्यामुळे या विषयावर मी जरा लांबते. संपादकांनी चालवून घ्यावं.

प्रश्न : डॉक्टरताई, माझ्या धाकट्या दिरांना टीबी निघालाय. वय ३१, वजन ४१ किलो. चाकणला टेम्पोवर होते, आता घरी आलेत. सरकारी गोळ्या चालू होऊन तीन आठवडे झाले. सासूबाईंनी त्यांचं ताट-तांब्या वेगळं केलंय. अंडी आणि दूध फक्त त्यांना. माझी मुलं सहा आणि तीन वर्षांची आहेत, त्यांनी मागितलं तर "आजाऱ्याचं आहे ते" म्हणून ओरडतात. भावाने मोबाइलवर बातमी पाठवली, की घरच्यांना शिधा दिला तर टीबी निम्मा होतो असं झारखंडात दिसलंय. हे खरं का? की प्रोटीन पावडरचा डबा आणावा? मेडिकलवाले म्हणतात घ्याच.
— एक भगिनी, ता. जुन्नर (नाव छापू नये)

उत्तर : ताई, आधी ताट-तांब्याचं उरकू. टीबी भांड्यांतून पसरत नाही, हवेतून पसरतो. खोकल्याबरोबर उडणारे अगदी बारीक कण दुसऱ्याच्या श्वासात गेले की जंतू पोचला. ताट वेगळं करून हाती काहीच लागत नाही, माणसाचं मन मात्र मोडतं. वेगळं करायचंच असेल तर थोडे दिवस त्यांचं अंथरूण वेगळ्या खोलीत घाला, खिडकी उघडी ठेवा, खोकताना तोंडावर रुमाल धरायला सांगा. गोळ्या लागू पडल्या की जंतू पसरवण्याची ताकद भराभर उतरते.

आता झारखंड. बातमी खरी आहे, मथळा थोडा फुगवलेला आहे. हा अभ्यास ऑगस्ट २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. मंगळुरूच्या येनेपोया मेडिकल कॉलेजचे डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव त्यात पुढे होते. चार जिल्ह्यांतले २,८०० रुग्ण घेतले, सगळे फुप्फुसाच्या टीबीचे आणि तपासणीत जंतू सापडलेले. त्यांच्या घरची माणसं झाली १०,३४५. त्यातली जवळजवळ दोन-तृतीयांश आदिवासी : संथाळ, हो, मुंडा, उराँव. शिधा सहा महिने सगळ्याच रुग्णांना मिळाला. फरक ठेवला तो घरच्यांमध्ये. टीबीची २८ युनिटं, म्हणजे सरकारी टीबी कार्यक्रमाचे कामासाठी पाडलेले विभाग, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटली. एका गटात घरच्यांनाही शिधा, मोठ्या माणसामागे महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. दुसऱ्या गटात घरच्यांना काही नाही. हिशेबाने तो शिधा माणशी रोज ७५० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिनं एवढाच. टॉनिक नाही, डबा नाही. वाण्याकडचं सामान.

मग साधारण दोन वर्षं या सगळ्यांवर लक्ष ठेवलं. शिधा मिळालेल्या घरांत नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. त्यातला फुप्फुसाचा, जंतू सापडणारा, म्हणजे दुसऱ्याला लागू शकणारा टीबी ४८ टक्क्यांनी कमी.

तांदूळ-डाळीने हे कसं होतं, असं सासूबाई विचारतील. दिरांच्या खोकल्यातले जंतू घरातल्या काहींच्या छातीत एव्हाना पोचलेही असतील. पोचले म्हणजे टीबी झाला असं नाही. शरीर त्यांना वेढा घालून कोंडून ठेवतं, आणि दहातल्या नऊ माणसांत ते जन्मभर कोंडलेलेच राहतात. पण हा पहारा पोसावा लागतो. माणूस खंगला की पहारेकरी डुलक्या घ्यायला लागतात. उंचीच्या मानाने वजनाचा जो आकडा काढतात, तो एका अंकाने खाली आला की टीबीचा धोका साधारण १४ टक्क्यांनी वाढतो, हे आधीच्या अभ्यासांतून माहीत होतं. शिधा देऊन तो धोका खरंच खाली आणता येतो का, हे एवढ्या मोठ्या प्रमाणावर चिठ्ठ्या टाकून कुणी पाहिलं नव्हतं.

इथे एक कबुली. आमच्याकडे एका मंडळाकडून रुग्णांसाठी अंडी यायची. एक बाई होती, वजन ३४ किलो. महिना झाला, दीड महिना झाला, काटा हलेना. खोदून विचारलं तेव्हा कळलं की अंडी ती पोरांना घालते. चार पोरं होती. भर रांगेत मी तिला झापलं, "तुझ्या औषधाची अंडी आहेत ती, वाटतेस काय?" ती एवढंच म्हणाली, "समोर बसत्यात ना." मी वहीत लाल शाईने लिहिलं : सल्ला पाळत नाही. तिचा कोर्स पूर्ण झाला, ती वाचली. दोन वर्षांनी तिचा थोरला त्याच रांगेत उभा होता, वजन २६ किलो. झारखंडचा निबंध वाचताना मला त्या बाईपेक्षा माझी लाल शाई जास्त आठवत होती. तिला घर दिसत होतं, मला कार्डावरचं एक नाव.

तेव्हा सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. दिरांना जास्त लागणारच. अभ्यासात रुग्णाला रोजच्या जेवणावर वरचे १,२०० कॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिनं मिळत होती. ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. तुमच्या दिरांच्या बाबतीत पाच टक्के म्हणजे जेमतेम दोन किलो. (हा आकडा जरा जपून घ्यायचा. शिधा न मिळालेले रुग्ण या अभ्यासात नव्हतेच, आणि ज्याला गुण येतो त्याची भूकही उघडते. पण दर पंधरवड्याला काट्यावर उभं राहायला काय हरकत आहे?) मात्र "आजाऱ्याचं आहे" म्हणून मुलांना उठवायचं नाही. डाळ-भात घट्ट करा, पातळ वरणावर भागवू नका. फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, बाजरीची भाकरी, तुमच्याकडचं हुलग्याचं माडगं, परवडेल तेव्हा सगळ्यांना अंडं. पावडरच्या डब्याच्या पैशात तीन-चार किलो तूरडाळ येते. ती आणा.

टीबीच्या रुग्णाला जेवणासाठी सरकार पैसे देतं, ती निक्षय पोषण योजना. ते पैसे दिरांच्या खात्यात येतात का, ते पाहा. आधी महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. आले नसतील तर आशाताईंना बँकेचं पासबुक दाखवा. निक्षय मित्रांकडून, म्हणजे रुग्णांना मदत करायला पुढे आलेल्या व्यक्ती-संस्थांकडून, मिळणारी शिध्याची पिशवीही आता फक्त रुग्णापुरती ठेवलेली नाही, घरच्यांचाही त्यात विचार केलाय. मागा, लाजू नका.

आणि शिधा म्हणजे तपासणीला पर्याय नव्हे. घरातल्या सगळ्यांची तपासणी व्हायलाच हवी. तीन वर्षांच्या लेकराला टीबी नाही अशी खात्री झाली की त्याला प्रतिबंधक औषध सुरू करतात. पाच वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत यात चालढकल नको. मोठ्यांनाही ते मिळतं, विचारा.

एक राहिलं. पत्रात दिरांचं वजन आहे, मुलांची वयं आहेत. तुमचं वजन कुठेच नाही. घरात सगळ्यांत शेवटी जेवायला बसणारी बहुधा तुम्हीच. मुलांना तपासायला न्याल तेव्हा काट्यावर तुम्हीही उभ्या राहा, आणि आकडा मला कळवा.

प्रश्न : झारखंडच्या शिध्याचा गवगवा वाचून मी मूळ आकडे शोधले. शिधा न मिळालेल्या गटात १२२ जणांना टीबी झाला, मिळालेल्या गटात ९६ जणांना. फरक २६ चा. म्हणजे २१ टक्के. मग हे ३९ आणि ४८ आले कुठून? औषध कंपन्या आकडे फुगवतात तसाच हा प्रकार दिसतो.
— निवृत्त गणित शिक्षक, लातूर

उत्तर : सर, तुमच्यासारखे वाचक असले की लिहिताना घाम फुटतो. वजाबाकी बरोबर आहे. पण वर्गात किती मुलं बसली होती ते न बघता तुम्ही नापासांची संख्या ताडून पाहिलीत. शिधा न मिळालेल्या गटात ४,७१२ माणसं होती, मिळालेल्या गटात ५,६०२. म्हणजे २.६ टक्के विरुद्ध १.७ टक्के. एवढ्यानेच तुमचे एकवीस चौतीसवर जातात.

त्यात आणखी एक गोष्ट. कुणावर किती काळ लक्ष ठेवता आलं, हेही मोजावं लागतं. कुणी गाव सोडतं, कुणी वीटभट्टीवर निघून जातं. म्हणून १०० माणसांवर वर्षभर लक्ष ठेवलं तर किती जण आजारी पडतील, असा हिशेब मांडतात. तो आला १.२७ विरुद्ध ०.७८. भागाकार तुम्ही करालच. ४८ टक्के हा आकडा सगळ्या टीबीचा नव्हे, फक्त फुप्फुसाच्या आणि जंतू सापडलेल्या टीबीचा आहे. बातमीदाराने तोच उचलला आणि "निम्मा" करून टाकला.

औषध कंपनीचा संशय मात्र इथे लागू नाही. तूरडाळीचं पेटंट कुणाच्याही खिशात नाही.

तरी तुमचा हिसका मला आवडला, कारण टक्क्यांच्या मागे दडता येतं. हाच निकाल असाही सांगता येईल : १,००० माणसांमागे वर्षाला साधारण १३ जण आजारी पडले असते, तिथे आठ पडले. पाच वाचले. अभ्यासकांनी स्वतःच मांडलंय की एक टीबी टाळायला ३० घरांना, म्हणजे १११ माणसांना शिधा द्यावा लागला. कुणाला हे फार वाटेल. मला वाटत नाही, कारण उरलेल्या ११० जणांच्याही पोटात सहा महिने डाळ गेली. असा दुष्परिणाम असलेलं दुसरं औषध मला माहीत नाही.

३९ या आकड्यालाही दोन्ही बाजूंनी बरीच ऐसपैस जागा आहे. खरा परिणाम १५ टक्क्यांपासून ५७ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. शिवाय कुणाला शिधा मिळतोय हे सगळ्यांनाच दिसत होतं. तांदळाचं पोतं लपवायचं कसं? यातला बराच काळ करोनाचा होता आणि एप्रिल २०२० पासून सरकारचं मोफत धान्य दोन्ही गटांच्या दारात येत होतं. त्यामुळे फरक उलट थोडा झाकला गेला असावा, असं माझं मत. आणि जागा विसरायची नाही. या घरांतली एक-तृतीयांश माणसं आधीच कुपोषित होती. कोथरूडच्या सोसायटीत तेच पोतं नेऊन ठेवलं तर हाच निकाल येईल असं मी कुठेही म्हणणार नाही. सातपुड्यातल्या धडगावात ठेवलं तर म्हणेन.

प्रश्न : माझे वडील १९५४ साली मिरजेजवळच्या सॅनेटोरियममध्ये आठ महिने होते. रोज दूध, अंडी, लोणी आणि व्हरांड्यात पडून राहणं. नंतर डॉक्टर म्हणायला लागले की जेवणाचा काही संबंध नाही, गोळ्या घ्या नि कामाला लागा. आता पुन्हा जेवण. तुम्हा डॉक्टर लोकांचं नक्की काय ते एकदा ठरवा.
— ज्येष्ठ वाचक, सांगली

उत्तर : काका, टोमणा पोचला. पण यात डॉक्टरांचं मन बदललं एवढंच नाही, प्रश्नच बदलत गेला.

वडील ज्या काळात होते, तेव्हा औषधं नुकती हाताशी येत होती. आयसोनियाझिड या टीबीच्या औषधाचा वापर १९५२ मधला. त्याआधी हवा, विश्रांती आणि भरपेट जेवण याशिवाय देण्यासारखं फारसं काही नव्हतं. सॅनेटोरियमच्या खाटा थोड्या, रुग्ण लाखोंनी. मग मद्रासमध्ये एक धाडसी प्रयोग झाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून शहरातल्या गरीब वस्त्यांतले १९३ रुग्ण घेतले. काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, काहींना त्यांच्याच दाटीच्या खोल्यांत. गोळ्या दोघांना सारख्या, वर्षभर. घरी राहिलेल्यांचं जेवण हलकं, कष्ट जास्त. १९५९ मध्ये निकाल छापून आला : गुण दोन्हीकडे जवळजवळ सारखा. त्यांच्या घरच्यांनाही सॅनेटोरियमवाल्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त टीबी झाला नाही.

सॅनेटोरियमं ओस पडण्यात या अभ्यासाचा मोठा वाटा होता आणि ते योग्यच झालं. तुमच्या वडिलांसारखे आठ महिने घरापासून तुटण्याची पाळी पुढच्या लाखो लोकांवर आली नाही. पण मद्रासने उत्तर दिलं होतं एका प्रश्नाचं : औषध चालू असताना रुग्ण बरा व्हायला खाट आणि लोणी लागतं का? नाही लागत. आमच्या पिढीने त्यातून भलतंच वाक्य पाठ केलं, "टीबीत जेवणाला महत्त्व नाही." मी स्वतः हे विद्यार्थ्यांना शिकवलंय. आजारी न पडलेल्या, पण जंतू घेऊन बसलेल्या माणसाचं काय, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

त्याचा सुगावा मात्र खूप आधी लागला होता. इंग्लंडात केंब्रिजजवळ पॅपवर्थ नावाची वसाहत आहे. डॉ. पेंड्रिल व्हॅरियर-जोन्स यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ती उभी केली. टीबीच्या रुग्णाने तिथे कुटुंबासह राहायचं, सुतारकाम, चामड्याच्या बॅगा असलं झेपेल ते काम करायचं, पुरेशी मजुरी घ्यायची, नीट घरात राहायचं, नीट जेवायचं. औषध तेव्हा नव्हतंच. तिथल्या मुलांना जंतूची लागण होत होती, बाप घरातच खोकत होता. पण वसाहतीत जन्मलेली मुलं प्रत्यक्ष आजारी पडण्याचं प्रमाण अगदी थोडं राहिलं. तिथे कुणी चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. घर, मजुरी, जेवण सगळं एकत्र होतं, त्यातलं श्रेय कशाला द्यायचं हे सुटं करता येत नव्हतं. झारखंडने घर तेच ठेवलं, मजुरी तीच ठेवली, आणि फक्त शिधा बदलून पाहिला.

तेव्हा काका, वडिलांचं दूध-लोणी वाया गेलं नाही. पण त्यातलं थोडं तुमच्या आईच्या आणि तुम्हा भावंडांच्या वाट्याला यायला हवं होतं. ते आठ महिने घरी चूल कशी चालली होती, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. आठवत असेल तर लिहा, मला खरंच ऐकायचंय.

प्रश्न : पत्नीला टीबी झालाय, औषध चालू आहे. मी बँकेतून निवृत्त, वजन ८४ किलो, दहा वर्षांपासून मधुमेह. नातेवाईक म्हणतात, तुम्हीही आता भरपूर खा, नाहीतर तुम्हाला लागेल. बदाम-खारकांचे लाडू घरपोच आलेत.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : लाडू परत पाठवा, किंवा वॉचमनच्या मुलांना द्या. तुमचा धोका दुसऱ्या दारातून येतो. मधुमेहाने टीबीचा धोका दुपटी-तिपटीने वाढतो आणि साखर जितकी मोकाट तितका तो वाढत जातो. पहारेकरी उपाशी असले तरी झोपतात आणि साखरेत लोळले तरी झोपतात. तीन महिन्यांची सरासरी साखर या आठवड्यात तपासा, छातीचा एक्स-रे काढा, खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी द्या. प्रतिबंधक औषधाबद्दल पत्नीच्या डॉक्टरांना विचारा, मात्र मधुमेहाच्या सगळ्या गोळ्यांची यादी सोबत न्या.

पत्नीचं वजन तुम्हीही लिहिलेलं नाही. लाडवातले दोन त्यांच्यासाठी काढून ठेवा.